पळण्याची परवानगी

इंग्लंडचा राजा आपला एक फटका देणं लागतो, असं डॅनियल मॉर्गन म्हातारपणीही सांगत असे. हकिगत १७५६ ची. व्हर्जिनियाच्या सरहद्दीवर इंग्रजी फौजेचं सामान वाहणारा हा विशीतला गाडीवान. एका इंग्रज अधिकाऱ्याने चिडून त्याला तलवारीचं आडवं पातं मारलं आणि याने त्या अधिकाऱ्याला ठोसा लगावून लोळवलं. शिक्षा झाली ५०० कोरड्यांची. मॉर्गनचं म्हणणं असं, की फटके मोजणारा ढोलवाला मोजताना चुकला. आपण मनात मोजत होतो, ते ४९९ च भरले. हा किस्सा त्याने स्वतःच इतक्यांदा रंगवून सांगितला आहे की त्यात तिखटमीठ किती, हे आता वेगळं काढता येत नाही. पाठीवरचे वळ मात्र खरे होते, आणि पंचवीस वर्षांनी ते एका लढाईच्या आदल्या रात्री त्याच्या कामी आले.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं एक लाडकं चित्र आहे. झालरीचा शिकारी सदरा घातलेला, हातात लांब नळीची रायफल असलेला जंगलातला माणूस झाडाआड उभा आहे. समोर लाल डगल्यांच्या इंग्रज पलटणी रांगा धरून चालत येताहेत आणि हा एकेकाला टिपतो आहे. ना कवायत, ना हुकूम, ना सरकार. स्वतःची बंदूक, स्वतःचा नेम आणि स्वतःची मर्जी. या चित्राचा नायक शोधायला निघालं की मॉर्गनचं नाव हटकून पुढे येतं, कारण सरहद्दीवरच्या रायफलवाल्यांचा सर्वांत नावाजलेला सेनानी तोच. गंमत अशी, की त्याचं आयुष्य जरा बारकाईने वाचलं तर या चित्राला सर्वांत मोठा छेद त्यानेच दिलेला दिसतो. तो जिंकला तो नेमबाजांच्या जोरावर कमी आणि नेमबाज कुठे कमी पडतो हे कळल्यामुळे जास्त.

आधी त्या रायफलचंच पाहू. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आसपास स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी ती घडवली. नळीच्या आत पीळदार खाचा. त्यांमुळे गोळी गिरकी घेत बाहेर पडते आणि आपली रेषा सोडत नाही. इंग्रज शिपायाची गुळगुळीत नळीची मस्केट ८०-१०० यार्डांपलीकडे नेम धरायच्या लायकीची नव्हती, तर तयारीचा रायफलवाला २०० यार्डांवरून माणूस टिपत असे. इथवर दंतकथा खरी आहे. पण ही बंदूक भरायची कशी? दारू मोजून नळीत ओतायची, गोळीला चरबी लावलेली चिंधी गुंडाळायची, ती खाचांत घट्ट बसली पाहिजे म्हणून गजाने रेटत रेटत तळापर्यंत न्यायची. मस्केटवाल्याचे तीन बार होईपर्यंत रायफलवाल्याचा जेमतेम एक होई. त्यात रायफलला संगीन बसत नसे. शत्रू संगिनी रोखून धावत आला की बंदूक भरायला वेळ नाही आणि भोसकायला पातं नाही. मग पळणं हाच शहाणपणा, आणि रायफलवाले पळतही.

वॉशिंग्टनला हे चांगलं ठाऊक होतं. जून १७७५ मध्ये काँग्रेसने रायफलवाल्यांच्या १० तुकड्या उभारायचं ठरवलं, तेव्हा मॉर्गनने ९६ माणसं जमवली आणि विंचेस्टरहून बॉस्टनजवळच्या केंब्रिजपर्यंतचं सुमारे ६०० मैलांचं अंतर २१ दिवसांत तोडलं. बघ्यांनी तोंडात बोटं घातली. पण महिन्याभरात या पाहुण्यांचा छावणीला वीट आला. ही मंडळी लांबूनच इंग्रज पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडून दारू उधळायची, कामाला हात लावायची नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या काही रायफलवाल्यांनी तर कोठडीतल्या सोबत्याला सोडवण्यासाठी सरळ बंड केलं. १७७७ मध्ये वॉशिंग्टनने मॉर्गनच्या हाताखाली रायफलवाल्यांचं ५०० जणांचं खास दल उभारलं, आणि संगिनींची उणीव भरून काढायला त्यांच्यासाठी चक्क भाले मागवले. त्याच पत्रात काही जणांना इंडियनांसारखा वेष करून किंचाळत शत्रूवर धाडावं, अशीही सूचना आहे. नव्या युगाचं शस्त्र म्हणून ज्याचे गोडवे गायले गेले, त्याला सरसेनापती भाल्याची जोड शोधत होता.

त्याआधी मॉर्गन कॅनडात पराभव आणि कैद पाहून आला होता. १७७५ च्या शरदात बेनेडिक्ट आर्नॉल्डबरोबर मेनच्या रानांतून क्विबेकवर केलेली चढाई म्हणजे उपासमारीची कहाणी आहे. निघाले सुमारे १,१००, पोचले त्यांतले निम्म्याच्या थोडे वर, आणि वाटेत कुत्री आणि जोड्यांचं चामडं खायची पाळी आली. ३१ डिसेंबरच्या हिमवादळात हल्ला झाला. सेनापती माँटगोमेरी पडला, आर्नॉल्डच्या पायात गोळी गेली, आणि मॉर्गन शिडीवरून पहिला अडसर ओलांडून शहरात घुसला. तिथे इतर अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने तो मागच्या तुकड्यांची वाट बघत थांबला. तेवढ्यात इंग्रज सावरले. अखेर त्याने तलवार इंग्रजांच्या हाती न देता गर्दीतल्या एका पाद्र्याला दिली. शूर माणसांचा जथा हुकमाच्या साखळीवाचून किती लवकर विस्कटतो, हे त्याने तिथे पाहिलं असणार.

साराटोगाला मात्र रायफलचा डंका वाजला, आणि तो रास्तही होता. १९ सप्टेंबर १७७७ रोजी फ्रीमनच्या शेतावर मॉर्गनच्या माणसांनी इंग्रजांच्या पुढच्या फळीतले बहुतेक अधिकारी पहिल्या काही मिनिटांत टिपले. पुढे काय झालं, हे लोकप्रिय पुस्तकांत ओझरतं येतं. पळणाऱ्यांचा पाठलाग करत रायफलवाले बेफाम सुटले, इंग्रजांच्या मुख्य सैन्यावर जाऊन आदळले आणि चौखूर उधळले. अमेरिकन अधिकारी जेम्स विल्किन्सन सांगतो की तो पोचला तेव्हा मॉर्गन जवळजवळ एकटा उभा राहून रानकोंबड्याची, म्हणजे टर्कीची, शीळ वाजवत माणसं गोळा करत होता. (विल्किन्सन पुढे अमेरिकन सैन्याचा प्रमुख असताना स्पेनकडून पैसे खात होता, तेव्हा त्याचा शब्द चिमूटभर मीठ लावूनच घ्यावा, पण रायफलवाले विखुरले होते यात शंका नाही.) त्यांना वाचवलं ते हेन्री डिअरबॉर्नच्या सुमारे ३०० पायदळाने. त्यांच्याकडे मस्केटी होत्या आणि संगिनी होत्या. रायफल लांबून मारेल, संगीन तिला राखेल, ही जोडी जमली म्हणून साराटोगा जमलं. ७ ऑक्टोबरच्या दुसऱ्या लढाईत इंग्रज सेनानी सायमन फ्रेझर प्राणघातक जखमी झाला. ती गोळी टिमथी मर्फी नावाच्या नेमबाजाने झाडावर चढून झाडली, ही सर्वश्रुत कथा अनेक दशकांनी छापून आली, आणि तिला त्या काळातला भक्कम आधार नाही. दहा दिवसांनी इंग्रज सेनापती बर्गॉइन सगळ्या फौजेनिशी शरण आला.

या विजयानंतर फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला. मॉर्गनच्या वाट्याला मात्र बढती आली नाही. निवडक पायदळाचं नेतृत्व १७७९ मध्ये अँथनी वेनला मिळालं तेव्हा हा रुसून घरी गेला. कंबरेपासून पायात उतरणाऱ्या सायटिकाच्या कळाही सोबतीला होत्या. ऑगस्ट १७८० मध्ये दक्षिणेत कॅम्डेनला अमेरिकन फौजेची धूळधाण झाली, तेव्हा तो मानापमान गुंडाळून परत निघाला. ऑक्टोबरात ब्रिगेडियर जनरलची बढतीही आली.

कॅम्डेनला नक्की काय झालं होतं, ते समजल्याशिवाय मॉर्गनची करामत समजत नाही. अमेरिकन सेनापती होरेशिओ गेट्सने मिलिशियाला, म्हणजे शेत सोडून काही आठवड्यांसाठी आलेल्या हंगामी शिपायांना, इंग्रजांच्या सर्वोत्तम पलटणींसमोर उभं केलं आणि खड्या फौजेसारखं तिथेच टिकून राहायला सांगितलं. संगिनी चमकल्या आणि मिलिशिया बंदुका टाकून पळाली. कित्येकांनी एकही बार काढला नाही. गेट्स स्वतःही घोड्यावर बसून लांबवर निघून गेला. युद्धभर असं अनेकदा घडलं, आणि प्रत्येक वेळी सेनापतींनी मिलिशियाला भेकड ठरवून हात झटकले. वॉशिंग्टनच्या पत्रांतही मिलिशियाबद्दलची कुरकुर जागोजाग आढळते.

मॉर्गनने वेगळा प्रश्न विचारला. हे पळणार, हे नक्की. मग पळण्याआधी काय करतील? आणि पळून कुठे जातील?

१६ जानेवारी १७८१ ची संध्याकाळ. साउथ कॅरोलिनातलं काउपेन्स, गुरं राखायचं मोकळं माळरान. मागावर इंग्रज अधिकारी बॅनास्टर टार्ल्टन, वय २६, क्रूर आणि घाईचा. त्याच्याजवळ सुमारे १,१०० माणसं आणि दोन छोट्या तोफा. मॉर्गनच्या मागे पाच-सहा मैलांवर ब्रॉड नदी. युद्धशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे ही जागा अगदी चुकीची: बाजू उघड्या, आडोसा तुरळक, माघारीला नदी आडवी. टीकाकारांना मॉर्गनने नंतर दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. दलदल जवळ असती तर मिलिशिया तिच्यात शिरून गायब झाली असती, नदी ओलांडली असती तर अर्धे जण घरी गेले असते. पळायची वाट बंद असणं हेच तर हवं होतं. लढाईनंतरचं हे शहाणपण असेल, थोडी फुशारकीही असेल. पण दुसऱ्या दिवशीची मांडणी पाहिली की त्यामागचा विचार आधीपासूनचा होता हे पटतं.

सर्वांत पुढे विखुरलेले निवडक रायफलवाले. त्यांनी शत्रू टप्प्यात आला की खांद्यावर झुबके असलेले, म्हणजे अधिकारी, टिपायचे आणि मागे यायचं. त्यांच्या मागे अँड्र्यू पिकन्सची मिलिशिया. तिला काम दोन बारांचं, फार तर तीन. तेवढे नेम धरून काढले की डाव्या बाजूने मागे जायचं; हुकुमानेच जायचं, लाज वाटून घ्यायची नाही. त्यांच्या मागे उंचवट्यावर जॉन ईगर हॉवर्डची मेरीलँड-डेलावेअरची मुरलेली खडी फौज, संगिनींसकट. आणि टेकाडाआड विल्यम वॉशिंग्टनचं घोडदळ. पुढच्या रांगा मागे येणार आहेत, घाबरू नका, हे खड्या फौजेला आधीच बजावलेलं. म्हणजे मिलिशियाचं पळणं ही आपत्ती राहिली नाही. तो बेतातला एक टप्पा झाला.

त्या रात्री मॉर्गन शेकोटी शेकोटीवर गेला. टॉमस यंग नावाच्या एका तरुण स्वयंसेवकाच्या आठवणींतून ते दृश्य कळतं: पोरांच्या तलवारी बांधून दे, त्यांच्या प्रेयसींवरून थट्टा कर, तीन बार काढा आणि मोकळे व्हा असं पुन्हा पुन्हा सांग, म्हातारा गाडीवान उद्या टार्ल्टनवर चाबूक ओढणार आहे असं हसत सांग. अंगातला सदरा वर करून पाठीवरचे वळ दाखवल्याचंही सांगतात. चेहऱ्यावरची खूण तर दाखवायची गरजच नव्हती. १७५८ च्या सुमारास इंडियनांची एक गोळी मानेतून शिरून डाव्या बाजूचे दात घेऊन गालातून बाहेर पडली होती. या माणसाला भीती काय असते आणि मार खाल्ल्यावर कसं वाटतं, हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. रात्रभर शिपायांत बसून पहाटे त्यांना पोटभर नाश्ता घालायचं सुचायला स्वतः ओझी वाहिलेली असावी लागतात. टार्ल्टनची माणसं मात्र पहाटे तीनपासून चिखल तुडवत, उपाशीपोटी येत होती.

सकाळी सगळं जवळजवळ बेताप्रमाणे झालं. मिलिशियाने बार काढले, अधिकारी पडले, मिलिशिया मागे सरली. लाल डगलेवाल्यांना वाटलं, पुन्हा कॅम्डेन. ते रांग मोडून धावत सुटले. मग एक गोष्ट बेताबाहेर घडली. हॉवर्डने उजव्या टोकाच्या तुकडीला बाजूला तोंड वळवायचा हुकूम दिला. तो माघारीचा हुकूम समजून तुकडी मागे फिरली आणि तिचं पाहून सगळी रांग मागे चालू लागली. मॉर्गन घोडा दौडवत आला, हरलात की काय म्हणून विचारू लागला. हॉवर्डने रांगेकडे बोट दाखवलं: माणसं शिस्तीत, पाऊल जुळवून चालली होती. मॉर्गनने पुढे जाऊन एक जागा हेरली, तिथे रांग गर्रकन वळली आणि अगदी जवळ आलेल्या इंग्रजांवर एकच फैर झाडून संगिनी घेऊन तुटून पडली. एका बाजूने घोडदळ आलं, दुसऱ्या बाजूने पिकन्सची ‘पळालेली’ मिलिशिया टेकाडाला वळसा घालून परत आली. तासाभरात सारं आटोपलं. इंग्रजांचे ११० ठार, ७०० हून अधिक कैद. मॉर्गनने आपले १२ ठार आणि ६० जखमी कळवले. अलीकडच्या संशोधकांनी जुन्या सैनिकांचे पेन्शनचे अर्ज चाळून हा आकडा आणि त्याच्या फौजेची संख्या, दोन्ही वाढवले आहेत. निकालात त्याने फरक पडत नाही.

निकाल कोणी लावला? रायफलने सुरुवात केली, पण लढाई फिरली ती मस्केटी आणि संगिनी घेतलेल्या, वर्षानुवर्षं कवायत केलेल्या पगारी शिपायांमुळे. चुकीचा हुकूम ऐकूनही ते विस्कटले नाहीत, यावर सगळं तोललेलं होतं. दंतकथेत याच माणसांना जागा नसते.

दक्षिणेतला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस याला ही बातमी फार झोंबली. मॉर्गनला गाठण्यासाठी त्याने रॅमसोर्स मिल इथे आपल्याच फौजेच्या गाड्या, तंबू, रमची पिंपं जाळून टाकली आणि हलका होऊन पाठलाग धरला. जुना गाडीवान कैद्यांसकट नद्यांमागून नद्या ओलांडत निसटला. सामानसुमानाशी कॉर्नवॉलिसचं हे वाकडं पुढे आपल्याकडेही दिसलं. मे १७९१ मध्ये टिपूवर चालून तो श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला, पण बैल मेले, धान्य संपलं आणि किल्ला फोडायच्या तोफा स्वतःच निकामी करून मागे फिरायची वेळ आली. तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या आणि त्यांच्या छावणीच्या बाजारातल्या धान्यावर इंग्रजी पलटणींचं पोट भरलं. कॅरोलिनात असा बाजार त्याला कोणी मांडून दिला नव्हता.

मॉर्गन फेब्रुवारीत सायटिकाने घोड्यावर बसेनासा झाला आणि घरी परतला. जाताजाता त्याने दक्षिणेतल्या अमेरिकन फौजेचा सेनापती ग्रीन याला पत्रातून सल्ला दिला, आणि तो वाचला की शेकोटीवरचा प्रेमळ म्हातारा जरा वेगळा दिसू लागतो. मिलिशिया मधे घाला, त्यांच्या मागे निवडक माणसं ठेवा, आणि जो पहिला पळेल त्याला गोळी घालायचा हुकूम द्या, असं त्यात आहे. काउपेन्सला पळायची मुभा होती ती ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने. त्याआधी पळणाऱ्याला त्याच्याकडे माफी नव्हती. ग्रीनने १५ मार्चला गिल्फर्ड कोर्टहाउसला तीन रांगांचीच मांडणी केली. रांगा दाट झाडीत एकमेकींपासून फार लांब पडल्या आणि मैदान इंग्रजांच्या हाती गेलं. पण त्यात कॉर्नवॉलिसची जवळजवळ पाव फौज खर्ची पडली. ऑक्टोबरात तो यॉर्कटाउनला शरण आला.

आता त्या चित्रातल्या ‘स्वतःच्या मर्जीच्या’ माणसाबद्दल. सरहद्दीवरचा स्वतंत्र रांगडा गडी म्हणून मॉर्गनला रंगवताना काही गोष्टी चौकटीबाहेर राहतात. १७७४ मध्ये तो शॉनी इंडियनांची गावं आणि उभं पीक जाळणाऱ्या मोहिमेत होता. त्याच्याकडे गुलाम होते. ‘साराटोगा’ हे नाव दिलेलं त्याचं दगडी घर जर्मन युद्धकैद्यांनी बांधलं, असं परंपरा सांगते. उतारवयात त्याच्या नावावर अडीच लाख एकरांपर्यंत जमीन होती. जंगल त्याच्यासाठी मुक्तीपेक्षा मालमत्ता जास्त होतं.

आणि १७९४ साली सरहद्दीनेच सरकारविरुद्ध शस्त्र उचललं. पश्चिम पेनसिल्व्हेनियाचे शेतकरी मक्याची-रायची व्हिस्की गाळत, कारण डोंगर ओलांडून धान्य नेणं परवडत नसे, पिंप परवडे. अर्थमंत्री हॅमिल्टनने १७९१ मध्ये त्यावर कर बसवला. जुलै १७९४ मध्ये जमावाने करवसुली अधिकारी जॉन नेव्हिल याचं घर पेटवलं. हा नेव्हिल मॉर्गनचा व्याही. त्याच्या मुलाला मॉर्गनची नॅन्सी दिलेली. शिकारी सदरा, लांब रायफल, सरकारचा तिटकारा: दंतकथेतला माणूस हुबेहूब तिथे उभा होता, आणि मॉर्गन समोरच्या बाजूला होता. आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या वॉशिंग्टनने सुमारे १३,००० मिलिशिया पाठवली आणि बंड न लढता विरलं. मोठी फौज परतल्यावर हिवाळाभर तिथे ठाण मांडून बसलेल्या हजार-दीड हजारांचं नेतृत्व मॉर्गनकडे आलं. ठाणं मोनोंगहेला नदीच्या काठी होतं. याच मुलखात १७५५ मध्ये इंग्रज सेनापती ब्रॅडॉकच्या मोहिमेत तो गाड्या हाकत आला होता.

पुढे तो निवडणुकीलाही उभा राहिला. एकदा हरला, दुसऱ्यांदा जिंकला आणि १७९७ ते १७९९ काँग्रेसमध्ये बसला तो फेडरलिस्टांच्या बाकांवर. मजबूत केंद्र, कर आणि वाढती खडी फौज मागणारा पक्ष तो हाच.